तिकिटावर ‘मुंबई’, पण उतरायचे कुठे?

महानगराला जाताना विमानतळाची निवड : वैराग परिसरातील प्रवाशांसाठी माहिती

वैराग : विमान म्हणजे मुंबई आणि मुंबईचे विमानतळ म्हणजे सांताक्रूझ किंवा सहार, हे समीकरण बार्शी तालुक्यात अनेक वर्षे रूढ होते. परगावी असलेल्या मुलाने किंवा मुलीने पाठविलेल्या तिकिटावर ‘मुंबई’ असे लिहिलेले असले, की रात्रीची गाडी पकडायची आणि दादरला उतरून टॅक्सी करायची, एवढे पुरेसे होते. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि हे समीकरण मोडले. आज मुंबई महानगराला दोन विमानतळ आहेत. त्यांच्यात रस्त्याने सुमारे ३५ ते ४० किलोमीटरचे अंतर आहे. एका विमानतळाचे तिकीट हातात घेऊन दुसऱ्या विमानतळाच्या दारात उभे राहिलेल्या प्रवाशाला विमान गाठणे बहुधा शक्य होत नाही.

चूक लहान असली तरी तिची किंमत मोठी असते. वेळेवर न पोहोचलेल्या प्रवाशाची नोंद ‘नो शो’ अशी होते. स्वस्त दरातील तिकिटांचे पैसे अशा वेळी बहुतांशी परत मिळत नाहीत. परतीचे तिकीट एकत्र काढलेले असेल, तर पहिला टप्पा चुकताच पुढचे टप्पेही रद्द होण्याचा सर्वसाधारण नियम आहे. नातवंडाच्या बारशासाठी निघालेल्या आजी-आजोबांना किंवा नोकरीवर रुजू होण्याची तारीख ठरलेल्या तरुणाला हे नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

दुसरीकडे, पर्याय वाढल्याचा लाभही आहे. वैरागच्या प्रवाशासमोर आज सोलापूर, पुणे, नवी मुंबई, मुंबई आणि हैदराबाद असे पाच विमानतळ आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा, याचे एकच उत्तर नाही. मात्र निवड कशी करावी, याची रीत आहे.

हिशेब घरापासून घरापर्यंत

बहुतेक प्रवासी तिकिटाचे दर पाहून विमानतळ ठरवितात. प्रत्यक्षात विमानाचे भाडे हा प्रवासखर्चाचा एक भाग असतो. वैरागच्या घरातून निघाल्यापासून महानगरातील ज्या घरी मुक्काम करायचा आहे, त्या घराचा उंबरठा ओलांडेपर्यंतचा वेळ आणि खर्च मांडला, तरच तुलना खरी ठरते. त्यात एसटी, रेल्वे किंवा भाड्याच्या गाडीचा खर्च, टोल, वाटेतील जेवण, प्रसंगी लॉजवरील मुक्काम आणि जादा सामानाचे शुल्क हे सारे येते.

येथे प्रवाशांची संख्या निर्णायक ठरते. तिकिटातील फरक माणशी असतो, गाडीचे भाडे मात्र गाडीमागे असते. समजा, दूरच्या विमानतळावरून तिकीट माणशी १,५०० रुपयांनी स्वस्त आहे आणि तेथपर्यंतच्या गाडीचा खर्च ४,००० रुपयांनी जास्त आहे. एकट्या प्रवाशाला या व्यवहारात २,५०० रुपयांचा तोटा होतो. चौघांच्या कुटुंबाला मात्र २,००० रुपयांचा फायदा होतो. म्हणूनच शेजाऱ्याला स्वस्त पडलेला मार्ग आपल्यालाही स्वस्त पडेल, असे गृहीत धरता येत नाही.

वेळेचेही तसेच आहे. विमान हवेत तासभर असते, परंतु देशांतर्गत उड्डाणासाठी दोन तास आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचण्याचा सल्ला दिला जातो. उतरल्यावर सामान मिळण्यास आणि विमानतळाबाहेर पडण्यास वेळ लागतो तो वेगळाच. जवळच्या शहराला जाताना विमानापेक्षा रेल्वे लवकर पोहोचविते, असे अनेकदा घडते ते यामुळेच.

मुंबई : दोन विमानतळ, दोन दिशा

जुने विमानतळ म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ. त्याची दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ विलेपार्ले पूर्वेला असून ते देशांतर्गत उड्डाणांचे आहे. टर्मिनल २ सहार येथे असून तेथून आंतरराष्ट्रीय आणि अनेक देशांतर्गत विमाने सुटतात. सहारची सध्याची इमारत फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रवाशांसाठी खुली झाली. दोन्ही टर्मिनल एकाच विमानतळाची असली, तरी त्यांची प्रवेशद्वारे वेगळी असून एकातून दुसऱ्याकडे जाताना शहरातील रस्ता पार करावा लागतो. त्यामुळे केवळ विमानतळाचे नाव पाहणे पुरेसे नाही, टर्मिनलचा क्रमांकही पाहावा लागतो.

या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमानांची ये-जा होऊ शकत नाही. गर्दीच्या वेळी विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात किंवा उड्डाणासाठी रांगेत थांबावे लागते, त्यामागे हे एक प्रमुख कारण आहे. वाढत्या वाहतुकीला येथे जागा उरली नाही, म्हणूनच दुसऱ्या विमानतळाची गरज निर्माण झाली.

नवी मुंबई विमानतळ पनवेलजवळ उलवे परिसरात आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पहिल्या टप्प्यात एक टर्मिनल आणि ३,७०० मीटर लांबीची एक धावपट्टी उभारण्यात आली असून वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ही क्षमता नऊ कोटींपर्यंत नेण्याची योजना आहे. प्रारंभीची सेवा देशांतर्गत उड्डाणांपुरती आणि दिवसाच्या ठरावीक तासांपुरती होती. त्यानंतर टप्प्याटप्प्याने विस्तार करण्याचे नियोजन असल्याने, येथील तिकीट काढताना त्या हंगामाचे वेळापत्रक पाहणे आवश्यक ठरते.

विमान कंपन्यांच्या नोंदीत प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी संकेत असतो. जुन्या मुंबई विमानतळाचा संकेत ‘बीओएम’ असा आहे, तर नवी मुंबईचा ‘एनएमआय’. तिकिटावर ‘मुंबई’ हे शब्द ठळक असतात आणि संकेत बारीक अक्षरांत असतो. घोटाळा होतो तो नेमका येथेच. तिकीट हाती येताच प्रथम ही तीन अक्षरे वाचावीत.

रेल्वेने जाणार की रस्त्याने?

सोलापूरकडून जाणाऱ्या प्रवाशाला मुंबईतील कोणता विमानतळ सोयीचा, हे बऱ्याच अंशी तो कोणत्या वाहनाने जातो यावर ठरते. ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही.

खासगी बस, एसटी किंवा स्वतःच्या गाडीने जाणारा प्रवासी पुण्याहून द्रुतगती मार्गाने कळंबोलीला पोहोचतो. नवी मुंबई विमानतळ तेथून थोड्याच अंतरावर आहे. सहारला जायचे असल्यास त्याच प्रवाशाला पुढे वाशीचा खाडीपूल, मानखुर्द, चेंबूर अशी मुंबईची कोंडी पार करावी लागते. सकाळच्या गर्दीत या शेवटच्या टप्प्याला किती वेळ लागेल, याचा भरवसा देता येत नाही. रस्त्याने जाणाऱ्यासाठी नवी मुंबई विमानतळ त्यामुळे अधिक जवळचा ठरतो.

रेल्वेने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस ही सोलापूरकरांची रात्रीची नेहमीची गाडी कल्याण, ठाणे, दादरमार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली सोलापूर–मुंबई वंदे भारत एक्स्प्रेसही कल्याणमार्गेच धावते. वैरागच्या प्रवाशाला या गाड्या सोलापूरला किंवा बार्शीमार्गे कुर्डुवाडीला गाठता येतात. या गाड्यांच्या मार्गावर पनवेल येत नाही. नवी मुंबई विमानतळाला जायचे झाल्यास ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर मार्गाची लोकल आणि पुढे उरण मार्गाची लोकल, अशी बदलाबदली करावी लागते. उरण मार्गावरील तरघर हे विमानतळाजवळचे स्थानक आहे. हातात मोठ्या बॅगा आणि सोबत वृद्ध माणसे असतील, तर ठाण्याहून थेट टॅक्सी करणे बरे.

उलट, जुन्या विमानतळाला रेल्वेने जाणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. कफ परेड ते आरे ही मुंबईची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण लांबीने सुरू झाली. तिची स्थानके छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि दादर येथे आहेत, तसेच विमानतळाच्या टर्मिनल १ आणि टर्मिनल २ येथेही आहेत. सोलापूरहून पहाटे मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला टॅक्सीवाल्याशी घासाघीस न करता, वाहतूक कोंडीत न अडकता सहारपर्यंत पोहोचता येते. तात्पर्य, रस्त्याने जाणाऱ्याला नवी मुंबई आणि रेल्वेने जाणाऱ्याला सहार, हा साधा नियम प्रारंभी धरून चालण्यास हरकत नाही.

मुंबईला विमानाने उतरणाऱ्यांसाठी कसोटी निराळी आहे. तेथे मुक्काम कोठे आहे, हे पाहावे. अंधेरी, बोरिवली, वांद्रे अशा पश्चिम उपनगरांत नातेवाईक राहत असतील, तर जुना विमानतळ सोयीचा. वाशी, नेरुळ, खारघर, पनवेल येथे जायचे असेल, तर नवी मुंबई. दक्षिण मुंबईचे अंतर दोन्हीकडून विचारात घेण्याजोगे आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूमुळे उलव्याहून दक्षिण मुंबई गाठणे सुकर झाले आहे. मात्र या सेतूच्या टोलची रक्कम हिशेबात धरावी लागते.

पुणे : जवळचे, पण मर्यादित

बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या मार्गाने पुणे वैरागकरांना मुंबईपेक्षा बरेच जवळ पडते. खंडाळ्याचा घाट टळतो, ही आणखी एक मोठी सोय. सलग सुट्ट्या आणि दिवाळीच्या दिवसांत घाटातील कोंडीने विमान चुकण्याची धास्ती असते, ती पुण्याहून जाणाऱ्याला नसते. सोलापूर रस्त्याने येणाऱ्या प्रवाशाला पुणे शहरात शिरण्याचेही कारण नाही. हडपसरहून मुंढवा, खराडीमार्गे लोहगावला जाता येते. रेल्वेने आल्यास पुणे स्थानकावरून मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि तेथून रिक्षाने विमानतळ गाठता येतो.

मर्यादा आहे ती विमानतळाच्या स्वरूपाची. लोहगावचा तळ हवाई दलाचा असून नागरी वाहतूक त्याच्या एका भागातून चालते. धावपट्टीची लांबी सुमारे अडीच हजार मीटर आहे. दूर पल्ल्याची अवजड विमाने येथून पूर्ण भाराने उडू शकत नाहीत. त्यामुळे दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता अशा देशांतर्गत प्रवासासाठी पुण्याहून अनेक पर्याय असले, तरी परदेशी जाणारी थेट विमाने मोजकीच असतात. युरोप-अमेरिकेला जाणाऱ्याला मध्ये विमान बदलावेच लागते. जुलै २०२४ मध्ये वापरात आलेल्या नव्या टर्मिनलमुळे प्रवाशांची गैरसोय कमी झाली. धावपट्टी मात्र तीच आहे. धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये हे विमानतळ दोन आठवडे पूर्णपणे बंद ठेवावे लागले होते. पुरंदर येथील नियोजित विमानतळाची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे आणि जमीन देण्यास तेथील शेतकऱ्यांचा विरोधही झाला आहे. त्यामुळे प्रवासाचे नियोजन तूर्त लोहगाव धरूनच करणे इष्ट.

सोलापूर : दारातले विमानतळ

वैरागपासून सोलापूर सुमारे ५० किलोमीटर. होटगी रस्त्यावरील विमानतळ शहर ओलांडून पलीकडे आहे. या विमानतळाचा इतिहास आशा आणि निराशेचा आहे. किंगफिशर कंपनीची मुंबई सेवा काही काळ चालून बंद पडली. त्यानंतर विमानसेवेच्या मार्गातील अडथळा म्हणून सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षे गाजला. १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचे पहिले विमान उडाले. १५ ऑक्टोबर २०२५ पासून मुंबईची सेवा सुरू झाली.

सोलापूर–मुंबई मार्गासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये व्यवहार्यता तफावत निधी मंजूर केला. रिकाम्या आसनांमुळे कंपनीला येणारी तूट भरून काढण्यासाठी हा निधी असतो. अशा सेवा मुदतीपुरत्या असतात आणि मुदतीनंतर त्यांचे भवितव्य प्रवाशांच्या प्रतिसादावर ठरते. म्हणून सोलापूरच्या विमानाचा विचार करताना त्या आठवड्यात, त्या वारी विमान आहे किंवा नाही, याची खातरजमा करणे अत्यावश्यक आहे. विमान कंपन्यांचे वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या अखेरच्या रविवारपासून आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारपासून लागू होते. या तारखांच्या पलीकडचे तिकीट आधी काढले असेल, तर पुन्हा एकदा चौकशी करावी.

या विमानतळावरून उडणारी विमाने लहान असतात. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असल्याने एखादी फेरी रद्द झाली, तर पुढचे विमान त्याच दिवशी मिळेलच असे नाही. मुंबईतील लग्नाला किंवा कार्यालयीन कामाला जाण्यासाठी हा धोका पत्करता येतो. हाताशी रात्रीची रेल्वे असतेच. परंतु मुंबईहून परदेशी जाणारे विमान त्याच दिवशी गाठायचे असेल, तर सोलापूरच्या विमानावर विसंबून राहणे धोक्याचे. एक दिवस आधी मुंबईत पोहोचणे शहाणपणाचे.

गोव्याचे विमान उत्तर गोव्यातील मोपा येथे उतरते. गोव्यालाही जानेवारी २०२३ पासून दोन विमानतळ आहेत. दाबोळी हे जुने, मोपा हे नवे. म्हापसा, पेडणे किंवा सिंधुदुर्गातील सावंतवाडीला जाणाऱ्याला मोपा सोयीचे. मडगाव, काणकोण किंवा वास्कोला जाणाऱ्याला तेथून जवळपास सारा गोवा ओलांडावा लागतो. दारातून विमान मिळते म्हणून घेतलेले तिकीट उतरल्यावर टॅक्सीच्या भाड्यात महाग पडू शकते, याचे हे नेमके उदाहरण.

नोकरीनिमित्त बेंगळुरूत राहणाऱ्या तरुणांकडे जाताना हाच विचार करावा. बेंगळुरूचे विमानतळ मे २००८ पासून शहराच्या उत्तरेला देवनहळ्ळी येथे आहे. मुलाचे घर दक्षिण टोकाला इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल, तर विमानतळावरून अख्खे शहर पार करावे लागते. सोलापूरहून जाणारी उद्यान एक्स्प्रेस मात्र शहराच्या मध्यवर्ती स्थानकात उतरविते. घाई नसेल तर रात्रीची रेल्वे हा पर्याय कमी प्रतीचा नाही.

हैदराबाद : विसरलेला पर्याय

सोलापूर जिल्ह्याचा ओढा पश्चिमेकडे असल्याने पूर्वेकडील मोठ्या विमानतळाचा विचार फारसा होत नाही. हैदराबादचे शमशाबाद येथील राजीव गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ मार्च २००८ मध्ये सुरू झाले. वैरागहून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, जहिराबादमार्गे ते साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडते. हे अंतर मुंबईपेक्षा कमी आहे. वाटेत घाट नाही. शहराभोवतीच्या बाह्यवळण मार्गामुळे हैदराबादच्या गर्दीत न शिरता थेट शमशाबाद गाठता येते. आखाती देश, आग्नेय आशिया आणि युरोपातील काही शहरांसाठी येथून थेट विमाने असतात.

अडचण आहे ती रेल्वेने जाणाऱ्यांची. सोलापूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या हुसेनसागर एक्स्प्रेससारख्या गाड्या बेगमपेठ, हैदराबाद अशा शहरातील स्थानकांवर थांबतात. शमशाबाद तेथून दूर असल्याने पुढे राज्य परिवहनची विमानतळ बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. भाषेचा प्रश्न मात्र फारसा येत नाही. हैदराबादेत हिंदी सर्रास चालते. तीन-चार जण मिळून गाडी करून जाणार असतील, तर मुंबईसोबत हैदराबादचेही दर पाहून ठेवावेत.

परदेशातील महानगरांची तऱ्हा

एका शहराला अनेक विमानतळ ही जगात नवी गोष्ट नाही. तेथे उतरणाऱ्या वैरागकरासमोरही हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की वाट चुकल्यास विचारायला ओळखीचे कोणी नसते.

लंडनच्या नावाने हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, लंडन सिटी, साउथएंड असे सहा विमानतळ ओळखले जातात. हीथ्रो पश्चिमेला असून तेथून भुयारी रेल्वेने शहराच्या मध्यात जाता येते. गॅटविक दक्षिणेला आहे. ल्युटन आणि स्टॅनस्टेड उत्तरेकडे, शहरापासून बरेच दूर. युरोपातील स्वस्त विमाने अनेकदा या दूरच्या विमानतळांवर उतरतात. हीथ्रोवर उतरून पुढचे विमान गॅटविकहून असेल, तर प्रवाशाला ब्रिटनच्या हद्दीत प्रवेश करावा लागतो आणि तेथे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. स्वस्त तिकिटाच्या तपशिलात ‘विमानतळ बदल’ अशी नोंद असल्यास हे आधी तपासावे.

न्यूयॉर्कची बाब महाराष्ट्रातील कुटुंबांच्या विशेष जिव्हाळ्याची आहे. या महानगराला केनेडी, ला ग्वार्डिया आणि नेवार्क असे तीन प्रमुख विमानतळ आहेत. नेवार्क हे न्यू जर्सी राज्यात आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेला एडिसनचा परिसर नेवार्कच्या बाजूला येतो. केनेडीला उतरल्यास न्यायला येणाऱ्या मुलाला न्यूयॉर्क शहरातून, पूल आणि टोलनाके ओलांडून यावे लागते. कॅलिफोर्नियात सनीव्हेल किंवा सांता क्लारा येथे जायचे असेल, तर सॅन होजेचे विमानतळ सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जवळ आहे. परंतु भारतातून जाणाऱ्यास सॅन फ्रान्सिस्कोला पर्याय अधिक मिळतात.

टोकियोलाही हानेडा आणि नारिता असे दोन विमानतळ आहेत. हानेडा शहराला लागून, तर नारिता सुमारे ६० किलोमीटरवर. दुबईलाही जुन्या विमानतळाबरोबरच शहराच्या दक्षिणेला अल मक्तूम हे दुसरे विमानतळ आहे. ज्यांच्या घरी उतरायचे आहे, त्यांना ‘तुम्हाला कोणता विमानतळ जवळ?’ हा एक प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी विचारला, तर पुढचे निम्मे कष्ट वाचतात.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी आणखी एक नियम ध्यानात घ्यावा. अमेरिकेतील ज्या पहिल्या विमानतळावर विमान उतरते, तेथेच पारपत्र तपासणी होते. साधारणतः सामानही तेथेच ताब्यात घेऊन सीमाशुल्क तपासणीनंतर पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते. भारतात परतताना दिल्ली किंवा हैदराबादला विमान बदलून पुण्याला येणार असाल, तरी साधारणतः हीच पद्धत असते. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या वृद्धांसाठी ही धावपळ कठीण असते. त्यांच्यासाठी थोडे महाग असले तरी मुंबईहून थेट विमान निवडावे. व्हीलचेअरची मागणी किमान ४८ तास आधी नोंदविल्यास सोबतीला कर्मचारी मिळतो. भाषेची अडचणही त्यामुळे बरीच कमी होते.

एक तिकीट की दोन?

विमानतळाच्या निवडीइतकेच महत्त्व तिकिटाच्या रचनेला आहे. सोलापूर किंवा पुण्याहून निघून पुढचे विमान घ्यायचे असेल आणि दोन्ही प्रवास एकाच पीएनआर क्रमांकाखाली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पर्यायी व्यवस्था करण्याची जबाबदारी विमान कंपनीची असते. तिकिटे स्वतंत्र काढली असतील, तर ही जबाबदारी कोणीही घेत नाही.

सामानाचाही प्रश्न यातच दडला आहे. देशांतर्गत साध्या तिकिटावर सामान्यपणे १५ किलो सामान न्यायची मुभा असते. अमेरिकेच्या तिकिटावर बहुतेक कंपन्या २३ किलोच्या एक किंवा दोन बॅगा नेऊ देतात. परदेशी निघालेल्या घरातील बॅगेत शेंगाची चटणी, कडक भाकरी, मसाले आणि पापड यांचे वजन काही कमी नसते. स्वतंत्र तिकिटावर पुणे किंवा सोलापूरहून निघाल्यास पहिल्याच विमानतळावर जादा वजनाचे शुल्क भरावे लागते. तिकिटात वाचलेले पैसे तेथे जातात. दोन तिकिटे एकत्र असल्यास बहुधा लांबच्या प्रवासाची सामानमर्यादा लागू होते. तशी नोंद तिकिटावर आहे का, ते पाहावे.

मुंबईत एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडण्याची वेळ आल्यास दोन उड्डाणांत किमान पाच ते सहा तासांचे अंतर ठेवावे. दोन विमानतळांना थेट जोडणारी मेट्रो नियोजित आहे. ती प्रत्यक्षात येईपर्यंत हा प्रवास रस्त्यानेच करावा लागणार आणि मुंबईच्या पावसाळ्यात रस्त्याचा अंदाज बांधणे अवघड असते.

परतीचा विचार आधी

जाताना सारे घर सोडायला येते. परतताना रात्री-अपरात्री प्रवासी एकटा असतो. परदेशातून मुंबईला येणारी बरीच विमाने मध्यरात्री ते पहाटेच्या दरम्यान उतरतात. त्या वेळी गाडी कोठे मिळेल, सोलापूरकडे जाणारी बस कोणत्या थांब्यावर येईल, पुण्याला उतरल्यास स्वारगेट किंवा हडपसरपर्यंत कसे जायचे, सोलापुरात उतरल्यावर वैरागमार्गे बार्शीला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे. स्वस्तातले रात्रीचे विमान आणि त्यानंतर सकाळपर्यंत बाकावर काढावे लागणारे सहा तास, यांची तुलना ज्याची त्यानेच करायची असते.

तिकीट काढण्यापूर्वी

– तिकिटावरील विमानतळाचा तीन अक्षरी संकेत आणि टर्मिनल क्रमांक वाचावा. प्रवासाच्या आदल्या दिवशी तो पुन्हा पाहावा, कारण टर्मिनल बदलू शकते.

– किमान तीन विमानतळांचे दर पाहावेत आणि त्यात घरापासून घरापर्यंतचा खर्च मिळवावा.

– मुक्कामाच्या पत्त्यापासून कोणता विमानतळ जवळ, हे यजमानांना विचारावे.

– विमान बदलायचे असल्यास दोन्ही विमाने एकाच विमानतळावरची आहेत आणि तिकीट एकाच पीएनआरचे आहे, याची खात्री करावी.

– सोलापूरच्या विमानासाठी त्या वारचे वेळापत्रक तपासावे आणि पर्याय म्हणून रेल्वेची माहिती ठेवावी.

– घाट, सण आणि पाऊस यांसाठी वेळेत दोन ते तीन तासांची जादा सवड धरावी.

– टॅक्सीवाल्याला केवळ ‘विमानतळ’ न सांगता ‘सहार’, ‘विलेपार्ले’ किंवा ‘नवी मुंबई’ असे स्पष्ट सांगावे.

तिकीट बहुधा परगावी असलेला मुलगा काढतो आणि प्रवास वैरागच्या आई-वडिलांना करायचा असतो. संगणकाच्या पडद्यावर दोन विमानतळांतील फरक काहीशे रुपयांचा दिसतो. वैरागच्या एसटी स्थानकावरून निघणाऱ्यांसाठी मात्र तो आणखी दोन गाड्या, एक खाडीपूल आणि एका जागरणाचा असू शकतो. तिकीट पक्के करण्याआधी गावाकडे एक फोन करून ‘येणार कशाने?’ एवढे विचारले, तरी योग्य विमानतळ बहुतेक वेळा आपोआप ठरतो.